न खाल्लेल्या कारल्याचा त्याग

चातुर्मास लागला की आमच्या मंदिरात नियम घ्यायला बायकांची रांग लागते. कुणी चार महिने हिरवी भाजी सोडतं, कुणी तूप, कुणी चहा. चहा सोडणारीचे पहिले आठ दिवस डोकं धरून बसण्यात जातात, ते मी स्वतः भोगलंय. माझ्या सासूबाईंची एक मैत्रीण मात्र दर वर्षी न चुकता कारलं सोडायची. कारलं तिला जन्मात आवडलं नव्हतं, घरात ती ते शिजवतही नव्हती. एकदा सासूबाई तोंडावर म्हणाल्याच, "अगं, जे तुझ्या ताटात कधी आलंच नाही ते सोडलंस म्हणजे काय सोडलंस?" ती बाई पुढे पर्युषणापर्यंत सासूबाईंशी बोलली नाही. क्षमावणीच्या दिवशी बोलावंच लागलं.

२०२२च्या फेब्रुवारीत आपल्या दूरदर्शनने असंच कारलं सोडलं. बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन आणि समारोप आपण थेट दाखवणार नाही, असं ३ तारखेला जाहीर झालं. उद्घाटन दुसऱ्याच दिवशी होतं. लगेच आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर तिरंगे फडकले, ‘चीनला दणका’ म्हणून. मी आपली एक ओळ लिहिली, ‘आपला एक मुलगा तिथे झेंडा घेऊन चालणार आहे, तो कसा बघायचा?’ त्यावर एका गृहस्थांनी विचारलं, "भाभीजी, आप चीन की तरफ से हैं क्या?" गटावर वाद घालणं मला जमत नाही. बोटं भरभर चालत नाहीत आणि तोवर कुणीतरी ‘सुप्रभात’चं फूल टाकून मोकळं होतं. म्हणून इथे सविस्तर सांगते.

आधी कारण नीट सांगायला हवं, कारण ते साधं नव्हतं. १५ जून २०२०च्या रात्री गलवान खोऱ्यात आपले वीस जवान गेले. त्यात १६ बिहार रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर कर्नल संतोष बाबू होते. त्याच झटापटीत चीनचा एक रेजिमेंट कमांडर ची फाबाओ जखमी झाला होता. बीजिंगच्या खेळांच्या मशाल-फेरीत २ फेब्रुवारीला चीनने याच माणसाच्या हातात मशाल दिली. खेळाच्या मशालीने आपल्या जखमेवर डाग द्यायचा प्रकार होता तो. आपल्या परराष्ट्र खात्याने खेद व्यक्त केला, बीजिंगमधले आपले प्रभारी राजदूत दोन्ही सोहळ्यांना जाणार नाहीत असं सांगितलं, आणि पाठोपाठ दूरदर्शनचं आलं.

आम्हा हैदराबादकरांना गलवान लांबचं नाही. संतोष बाबू सूर्यापेटचे. विजयवाड्याच्या रस्त्याला लागलं की अडीच-तीन तासांवर सूर्यापेट. माझ्या शेजारच्या अक्कांचं माहेर तिथलं. त्यांचं पार्थिव हकीमपेटच्या विमानतळावर आलं आणि तिथून गावी नेलं, तेव्हा कोरोनाचे दिवस असूनही लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना फुलं घेऊन उभे होते. अक्कांना माहेरी जाता आलं नाही. त्या आमच्या घरात टीव्हीसमोर बसून पदराने डोळे पुसत होत्या. पुढे संतोष बाबूंना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. आपल्याला महावीर म्हटलं की वर्धमान आठवतात, त्यामुळे शस्त्राच्या पराक्रमाला हे नाव ऐकताना मी नेहमी क्षणभर थबकते. त्या दिवशी थबकले नाही.

तेव्हा जे कुणी मला ‘चीनच्या बाजूची’ म्हणतील त्यांना सांगते, राजदूत गेले नाहीत ते योग्यच झालं. मी असते तर मीही गेले नसते. अपमान करणाऱ्याच्या मांडवात जाऊन जेवायचं नसतं. माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. राजदूताने न जाणं आणि आपल्या घरातला पडदा पाडणं या दोन गोष्टी एक कशा झाल्या? अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांनीही या खेळांवर राजनैतिक बहिष्कार घातला होता, तोही आपल्या आधी दोन महिने. त्यांचे मंत्री गेले नाहीत. पण अमेरिकेच्या एनबीसीने आणि ब्रिटनच्या बीबीसीने खेळ दाखवले. त्यांच्या प्रेक्षकांनी आपली मुलं पाहिली आणि त्यांचा निषेध काही पातळ झाला नाही.

आता गंमत बघा. मशाल घेतलेला तो चिनी अधिकारी आम्हाला दिसू नये, हा पडदा पाडण्यामागचा भाव. प्रत्यक्षात काय झालं? मशाल त्याने उद्घाटनाच्या दोन दिवस आधीच धरून झाली होती. आणि ती धरलेला तो हसरा चेहरा आमच्याकडे येणाऱ्या बातम्यांच्या वाहिन्यांनी मला इतक्या वेळा दाखवला, की आज तो रस्त्यात भेटला तर मी ओळखेन. लाल गोलात दाखवला, बाण काढून दाखवला, चार चौकटींतली चार माणसं एकमेकांवर ओरडत असताना मागे दाखवला. अक्का म्हणाल्या, "बंद करो जी, उसका मुँह नक्को दिखाओ." ज्याचा चेहरा बघायचा नव्हता तो पाठ झाला. ज्याचा बघायचा होता तो मात्र अंधारात.

तो म्हणजे आरिफ खान. काश्मीरचा, गुलमर्गच्या उतारांवर वाढलेला, वय ३१. चार वर्षांचा असल्यापासून पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून घसरणारा. त्या वर्षी बीजिंगला गेलेला भारताचा तो एकमेव खेळाडू होता. पथकात पाच-सहा जण, पण खेळणारा हा एकटा. म्हणून झेंडाही त्याच्याच हातात. २०१८ साली पैसे जमले नाहीत म्हणून त्याची संधी हुकली होती. या वेळी दोन प्रकारांत पात्र ठरला, स्लॅलम आणि जायंट स्लॅलम. एकाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन प्रकारांत थेट पात्र ठरलेला तो पहिला भारतीय. त्यातलं एक पात्रतेचं कार्ड त्याने दुबईत मिळवलं, वाळवंटातल्या छपराखालच्या बर्फावर! ही गोष्ट एखाद्या वाहिनीने अर्धा तास रंगवून सांगितली असती तर आम्ही सगळ्या जणी हातातली निवडायची मेथी बाजूला ठेवून ऐकली असती. तयारीसाठी त्याने स्वतःचं लग्न पुढे ढकललं होतं. आता सांगा, लग्न पुढे ढकलण्याची किंमत आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळते?

उद्घाटन आपल्या घड्याळाने संध्याकाळी साडेपाचला सुरू झालं. चीन आपल्यापुढे अडीच तास. आमच्या घरी ती सूर्यास्ताआधीच्या जेवणाची वेळ. ताटं वाढली, सवयीने टीव्ही लावला, रिमोट वरपासून खालपर्यंत फिरवला. तेलुगू वाहिन्यांवर मुचिंतलच्या रामानुजाचार्यांच्या भव्य मूर्तीची तयारी, कारण दुसऱ्या दिवशी पंतप्रधान येणार होते. हिंदीवर उत्तर प्रदेशची निवडणूक. मराठीवर कुणाचं तरी सासूशी भांडण. हे म्हणाले, "जेव आता, सूर्य जातोय." जेवले. त्या वेळात कधीतरी तो मुलगा तिरंगा घेऊन त्या मैदानात चालून गेला.

इथे मला एक घरची गोष्ट सांगायची आहे. बरेच दिवस लिहावी की नाही अशा विचारात होते. आमच्या धाकट्या दिरांशी घराच्या वाटणीवरून बिनसलं होतं. ते आमच्या ह्यांना चार लोकांत नको ते बोलले. दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न होतं, लातूरला. आम्ही गेलो नाही. ‘अपमान करणाऱ्याच्या मांडवात जायचं नसतं’ हे वर मी जे लिहिलं ना, ते वाक्य त्या वेळी आमच्या घरात दिवसातून दहा वेळा म्हटलं जायचं, आणि सगळ्यांत जास्त वेळा मीच म्हणायचे. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण लग्नाचे फोटो आले तेही मी उघडले नाहीत. पाकीट तसंच कपाटात टाकलं. पुढे दोघा भावांचं मिटलं, भावांचं मिटतंच. पुतणी बाळंतपणाला आली होती तेव्हा मी भेटायला गेले. ती म्हणाली, "काकू, तुम्ही बाबांवर रागावला होतात हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी पाठवलेले फोटो पण नाही बघितले?" मला उत्तर देता आलं नाही. मांडवात न जाणं दिरांना लागलं होतं. फोटो न बघणं दिरांना कळलंसुद्धा नाही. ते लागलं फक्त तिला.

दूरदर्शनने जे केलं ते माझ्या दृष्टीने पाकीट न उघडणं होतं. बीजिंगला काय फरक पडला? सूर्यापेटला तरी काय मिळालं? आणि पुन्हा तो कारल्याचा प्रश्न. हिवाळी खेळ आमच्या ताटात कधी वाढले होते म्हणून ते सोडल्याचं पुण्य घ्यायचं? लहानपणी रविवारी कधी बर्फावर गिरक्या घेणारी एखादी परदेशी मुलगी दूरदर्शनवर दिसायची, दोन मिनिटं. तेवढीच माझी ओळख. १९८८ साली मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. त्या वर्षी कॅनडातल्या कॅल्गरीला शैलजा कुमार नावाची भारतीय मुलगी स्लॅलममध्ये उतरली होती, हिवाळी ऑलिंपिक खेळणारी पहिली भारतीय स्त्री. हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते पन्नाशी ओलांडल्यावर! आमच्या कॉलेजात पी. टी. उषाचं चित्र प्रत्येकीच्या वहीत होतं. शैलजाचं एकीच्याही वहीत नव्हतं, कारण तिचं चित्र कुणी पाहिलंच नव्हतं. नंतर २००६ साली तुरिनला नेहा आहुजा गेली, तीही अशीच आपल्या नकळत जाऊन आली. मनालीचा शिवा केशवन तर १९९८पासून २०१८पर्यंत सहा ऑलिंपिक खेळला. ल्यूज म्हणतात त्या खेळाला, पाठीवर झोपून बर्फाच्या नळीतून सुसाट खाली यायचं. सहा ऑलिंपिक, म्हणजे एका मुलीचा जन्म होऊन ती कॉलेजात जाईपर्यंतचा काळ. त्यातली त्याची एक तरी उतरण तुम्ही पाहिलीत?

सोचीची गोष्ट तर डोक्यात घेऊन फिरावी अशी आहे. २०१४ साली आपल्या ऑलिंपिक संघटनेवर आंतरराष्ट्रीय समितीची बंदी होती. दोष पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचा, खेळाडूंचा नाही. त्यामुळे उद्घाटनाला शिवा केशवन, हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल हे तिघे तिरंग्याशिवाय, ऑलिंपिकच्या झेंड्यामागून चालले. खेळ सुरू असताना बंदी उठली. तेव्हा केवढी हळहळ झाली होती, ‘आपल्या मुलांना झेंडा मिळाला नाही’ म्हणून! आणि आठ वर्षांनी मुलाच्या हातात झेंडा होता तर आम्हीच दिवा मालवला. दोन्ही वेळा भांडण मोठ्यांचं. दोन्ही वेळा चुकलं ते पोरांच्या वाट्याचं.

प्रत्यक्ष शर्यतीचा दिवस रविवार, १३ फेब्रुवारी. जायंट स्लॅलम म्हणजे काय ते आमच्या भाच्याने समजावलं. डोंगराच्या उतारावर लाल आणि निळ्या काठ्यांच्या चौकटी रोवलेल्या असतात. एकही न चुकवता नागमोडी खाली यायचं. एक चौकट हुकली की बाद. असं दोनदा उतरायचं आणि दोन्ही वेळा मिळवायच्या. मला पटकन कळलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सुलतान बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रिक्षा, हातगाड्या आणि म्हशी चुकवत कोठीच्या बसथांब्यावर पोचणं हेच की, फक्त वेग ताशी साठ-सत्तर किलोमीटर आणि पायाखाली काच. त्या दिवशी तिथे इतका बर्फ पडत होता की समोरचं दिसेना. ८९ जण उतरले, त्यातले जवळजवळ निम्मे एकतर पडले किंवा चौकट चुकून बाद झाले. आरिफ दोन्ही उतरणी उभ्याने पुऱ्या करून ४५वा आला. स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमॅटने सुवर्ण घेतलं. आरिफ त्याच्या मागे सुमारे ३८ सेकंद. तीन दिवसांनी स्लॅलममध्ये मात्र त्याची पहिली उतरण पुरी झाली नाही.

४५वा! यात दाखवण्यासारखं काय, असं विचारणारे आहेत. त्यांनी त्याच दिवशी टीव्हीवर काय पाहिलं तेही सांगते, कारण मीही तेच पाहिलं. १२ आणि १३ फेब्रुवारी, बंगळुरात आयपीएलचा मोठा लिलाव. खेळ नव्हे हं, लिलाव. दोन दिवस, सकाळपासून. ईशान किशन १५ कोटी २५ लाख. आमच्या हैदराबादच्या संघाने निकोलस पूरनला १० कोटी ७५ लाखांना घेतलं, तर आमच्या मजल्यावर त्यावर भांडण झालं. पहिल्या दिवशी लिलाव पुकारणारे साहेब चक्कर येऊन पडले. बिचारे नंतर बरे झाले, पण तो क्षण सबंध देशाने पाहिला. मंदिरात पहिल्या अभिषेकाची बोली लागते तेव्हा आमच्यातल्याच काही शहाण्या मुली नाकं मुरडतात, की देवापुढे पैशाचा पुकारा कशाला. मला त्यांचं थोडं पटतंही. पण त्या मुली दोन दिवस माणसांची बोली टक लावून बघत होत्या. माझं क्रिकेटशी वैर नाही. मी सचिनसाठी नवस केलेली बाई आहे. पण कुणी न खेळता बारा-पंधरा तास दाखवता येतं, आणि जेमतेम दीड-दीड मिनिटाच्या दोन उतरणी, ज्यात आपला एकुलता एक मुलगा बर्फाच्या वादळातून खाली येतोय, त्यांना जागा मिळत नाही, याला देशप्रेम म्हणायचं असेल तर माझं देशप्रेम कच्चं समजा.

‘बर्फाचे खेळ आपले नव्हेतच’ असंही एकीने सुनावलं. मंदिराच्या पायऱ्यांवरच. मी म्हटलं, बाई गं, आठवडाही झाला नाही, आपण दोघींनी शेजारी उभं राहून आदिनाथ भगवानांचा निर्वाण लाडू चढवला. निर्वाण कुठे झालं? अष्टापदावर. अष्टापद म्हणजे कैलास असंच आपण मानतो ना? तिथे काय नारळाची झाडं आहेत? पहिल्याच तीर्थंकरांचं निर्वाणस्थान बर्फात, आणि म्हणे बर्फ आपला नाही. काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड नकाशात आपले म्हणायचे आणि तिथल्या पोरांचे खेळ परके म्हणायचे, हे कसं? काश्मीरची बातमी आमच्याकडे कशाची येते ते तुम्हाला ठाऊक आहे. एक दिवस, फक्त एक दिवस, तिथला मुलगा तिरंगा घेऊन सगळ्या जगासमोर चालतोय ही बातमी आयती ताटात आली होती.

बायकांना या सगळ्याशी काय देणंघेणं, असं एखादीला वाटेल. घरातला रिमोट कुणाच्या हातात असतो ते मी सांगायला नको. आपण मालिका बघतो आणि खेळ ‘त्यांचा’ असतो. पण बहिष्कार, अबोला, ‘त्यांच्याकडे जायचं नाही’, हे घरात कोण चालवतं? ठरवतात बहुतेक वेळा पुरुष, पाळतो आपण, आणि पाळताना चार पावलं पुढे जातो. फोटोंचं पाकीट मीच कपाटात टाकलं होतं. ह्यांनी सांगितलं नव्हतं.

समारोपही २० तारखेला असाच अंधारात झाला. त्यानंतर एका दुपारी भाच्याने मोबाइलवर त्या शर्यतीचा तुकडा शोधून दिला. अक्का चहाला आल्या होत्या. आधी म्हणाल्या, चीनचं काही बघायचं नाही मला. मी म्हटलं, चीनचं नाही, आपलं आहे. चश्मा लावून त्या मोबाइलवर वाकल्या. सगळं पांढरं, त्यात एक ठिपका येतोय, वळतोय, पुन्हा वळतोय. अक्कांनी माझं मनगट धरलं होतं.

"गिरा क्या?"

"नाही, त्या दिवशी नाही पडला."

खाली पोचून तो थांबला. अक्कांनी चश्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला.

"अकेलाच गया था ये बच्चा? फिर से लगाओ जी, शुरू से."